चार चाकं, पंचवीस गॅलन

एप्रिलच्या अखेरीस नेब्रास्कातल्या शेतकऱ्याच्या हाती रोपांचा जो जुडगा पडतो, त्याला मातीचा कणही चिकटलेला नसतो. आपल्या नर्सरीतलं रोप काळ्या पिशवीतून, मातीसकट घरी येतं. तिथे पंचवीस-पंचवीस रोपांची जुडी बांधून, मुळं ओलसर ठेवून ती विकली जातात. रोपं स्वस्त पडतात, एका खोक्यात शेकडो मावतात. पण नर्सरीच्या वाफ्यातून उपटताना पाणी शोषणारी बारीक तंतुमुळं बरीचशी तुटून मागे राहिलेली असतात. म्हणजे लावल्या दिवसापासून रोपाला तहान असते आणि पाणी प्यायला तोंड नसतं.

त्यात लावणीचा हंगाम आपल्यापेक्षा वेगळा. आपण आषाढात झाड लावतो, पुढचे तीन महिने आभाळ बघून घेतं आणि खरी परीक्षा माघ-फाल्गुनानंतर सुरू होते. अमेरिकेच्या मधल्या मैदानी पट्ट्यात बर्फ वितळलं की लावणी होते आणि दोन-अडीच महिन्यांत जुलैचं ऊन व दक्षिणेकडचा कोरडा वारा रोपावर येऊन आदळतो. नेब्रास्काच्या पूर्वेला वर्षाकाठी तीस इंचांवर पाऊस पडतो; पश्चिमेच्या टोकाला पंधरा-सोळा इंचही पुष्कळ. झाडं लावायची असतात ती बहुधा घराच्या आणि गोठ्याच्या उत्तरेला नि पश्चिमेला, हिवाळी वारा अडवायला. जळगावकडे केळीच्या बागेला शेवरीची भिंत असते, तसं हे काम. फक्त इथे अडवायची ती हिमवादळं. आणि ही जागा नळापासून हमखास लांब असते. होसपाइप पोहोचत नाही, ट्रॅक्टर नेला तर ओळीतली रोपं चिरडतात, बादल्या वाहून खांदे जातात. या अडचणीत जे वाहन कामाला आलं, ते मुळात या कामासाठी जन्मलेलंच नव्हतं.

या वाहनाचा, म्हणजे कुठल्याही जमिनीवर चालणाऱ्या एटीव्हीचा, जन्म दुकानदारांच्या तक्रारीतून झाला. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात होंडाच्या अमेरिकन विक्रेत्यांची अडचण होती, की हिवाळ्यात मोटारसायकली खपत नाहीत. थंडीत विकता येईल असं काहीतरी द्या. जपानमध्ये ओसामू ताकेउची या अभियंत्याकडे हे काम आलं. त्याने बरेच प्रकार करून पाहिले आणि तीन चाकांवर थांबला. खरी करामत टायरमध्ये होती. फुग्यासारखे फुगीर, अगदी कमी दाबाचे, बर्फात आणि चिखलात न रुतणारे. १९७० मध्ये यूएस-९० या नावाने हे तीनचाकी बाजारात आलं. इंजिन ८९ सीसीचं, किंमत ५९५ डॉलर. दुसऱ्याच वर्षी जेम्स बाँडने ‘डायमंड्स आर फॉरएव्हर’मध्ये ते पळवलं. थोडक्यात, खेळणंच. शेतकऱ्यांनी ते गोठ्याकडे कधी वळवलं याची तारीख कुणी लिहून ठेवलेली नाही. अशा गोष्टींच्या नसतातच.

तीनचाकी वळणावर उलटायची. माणसं मेली, त्यांत मुलंही पुष्कळ होती. अखेर १९८८ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाशी झालेल्या न्यायालयीन तडजोडीत कंपन्यांनी नव्या तीनचाकींची विक्री थांबवली. तोवर चार चाकं आलेली होती: १९८२ मध्ये सुझुकीची क्वाडरनर, त्या दशकाच्या मध्यावर होंडाची चारही चाकांना जोर असलेली फोरट्रॅक्स आणि मिनेसोटातल्या पोलारिसची गियर बदलावे न लागणारी गाडी. पुढे-मागे लोखंडी कॅरिअर लागलं, मागे ट्रॉलीचा आकडा आला आणि खेळण्याचं अवजार झालं. आपल्याकडे एटीव्ही म्हटलं की अजून रिसॉर्टमधली पाच मिनिटांची चक्करच डोळ्यांपुढे येते, त्याचं मला जरा वाईट वाटतं. चिखल उडवणं हा या यंत्राचा सर्वांत कमी उपयोगाचा गुण आहे.

रोपांच्या दृष्टीने मोलाचा गुण त्याच टायरमध्ये आहे. मोटारीच्या टायरमध्ये हवेचा दाब तिसेक पीएसआय असतो. कामाच्या एटीव्हीत पाच ते सात. वजन रुंद पसरतं, ओल्या जमिनीत चाकोऱ्या कमी पडतात, माती कमी दबते. दबलेल्या मातीत मूळ शिरत नाही आणि पाणी वरच्या वर वाहून जातं. तेव्हा पाणी द्यायला आलेल्या वाहनानेच जमीन ठोकून घट्ट करायची, हा उफराटा कारभार इथे टळतो. वाहनाची रुंदी चारेक फुटांची, त्यामुळे दोन ओळींमधून ते अलगद जातं.

आता पाण्याचा हिशेब. कॅरिअरवर बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या टाक्या सहसा पंधरा किंवा पंचवीस गॅलनच्या मिळतात. मुळात त्या तणनाशक फवारायच्या. पंचवीस गॅलन म्हणजे ९५ लिटर, म्हणजे टाकी आणि पंप सोडून ९५ किलो. मध्यम आकाराच्या बऱ्याच गाड्यांच्या मागच्या कॅरिअरची मर्यादा साठ ते शंभर किलोंच्या दरम्यान असते. म्हणजे टाकी बसते, नट-बोल्ट जुळतात, गाडी ओढतेही. तरी ओझं पुष्कळदा मर्यादेबाहेर गेलेलं असतं आणि पुढची चाकं हलकी होऊन चढावर हँडल ऐकेनासं होतं. भरलेल्या टाकीपेक्षा अर्धी टाकी जास्त धोक्याची. पाणी उताराच्या बाजूला धावतं, तोल नेमका नको त्या क्षणी सरकतो. म्हणून चांगल्या टाकीत आडवे पडदे असतात आणि शहाणा माणूस उतारावर आडवी गाडी घालत नाही. त्याहून शहाणा माणूस पाणी कॅरिअरवर ठेवतच नाही; मागे छोटी ट्रॉली जोडून टाकी तिच्यावर, चाकांच्या बरोबर वर, बुटकी बसवतो. अर्थात ट्रॉलीलाही ओढण्याची मर्यादा आहे, आणि उतरताना ब्रेक गाडीलाच लावावे लागतात, हे विसरणारे आहेतच.

समजा, तीन ओळींत तीनशे रोपं आहेत आणि आठवड्याला दर रोपाला एक गॅलन, ढोबळमानाने चार लिटर द्यायचे आहेत. झाले बाराशे लिटर. पंचवीस गॅलनच्या टाकीने बारा-तेरा खेपा. टाकीसोबतचा बारा व्होल्टचा पंप फवारणीसाठी असतो. मिनिटाला पाच-सात लिटर टाकतो. एका रोपाला चाळीस सेकंद धरले, तरी तीनशे रोपांना तीन तासांहून अधिक वेळ नुसता नळी धरून उभं राहायला लागतो. भरणं, येणं-जाणं वेगळंच. मग मोह होतो तो नळीचा फवारा करून चालत्या गाडीवरून शिंपडत जाण्याचा. पानं चकाकतात, काम झाल्यासारखं दिसतं, आणि रोपाचं नुकसान होतं. वरची दोन बोटं माती भिजली की मुळं वरच रेंगाळतात आणि पुढच्या कोरड्या आठवड्यात तिथेच भाजून निघतात. पाणी हळू, एकाच जागी, खोल जाईल असं द्यावं लागतं. म्हणून अनुभवी लोक फवाऱ्याची तोटी काढून टाकतात, रोपाभोवती छोटं आळं करतात, त्यात पाणी सोडतात, पुढच्या रोपाकडे जातात आणि पहिलं जिरलं की परत येतात. लावणीच्या दिवशीचं पहिलं पाणी तर तहानेपेक्षा मातीसाठी असतं. मुळांभोवती राहिलेल्या हवेच्या पोकळ्या त्याने बुजतात आणि माती मुळाला चिकटते.

इतकं करूनही रोप मेलं, तर पाण्याला दोष देण्याआधी गवताकडे बघावं. मैदानी गवताची मुळं कोवळ्या झाडाच्या मुळांहून चपळ असतात; ओतलेल्या चार लिटरांतला मोठा वाटा तीच उचलतात. म्हणून तिथे ओळीवर सहा फूट रुंदीचं विणलेलं काळं कापड अंथरतात आणि भोकातून रोप लावतात. माझ्या मते एटीव्ही विकत घेण्याआधी हे कापड घ्यावं. खेपा आपोआप कमी होतात.

या प्रदेशाला झाड लावणं आणि झाड जगणं यांतला फरक फार जुना ठाऊक आहे. याच नेब्रास्कात १० एप्रिल १८७२ रोजी पहिला आर्बर डे, म्हणजे झाडं लावण्याचा दिवस, साजरा झाला, आणि एका दिवसात दहा लाख झाडं लागल्याचं सांगितलं जातं. पुढच्याच वर्षी वॉशिंग्टनने कायदा केला: चाळीस एकरांवर झाडं वाढवा, १६० एकर जमीन मिळवा. पुढे चाळीसचे दहा एकर केले, तरी कायदा फसला. काहींनी जमीन अडवण्यापुरती झाडं लावली, प्रामाणिकपणे लावणाऱ्यांची दुष्काळाने नेली, आणि १८९१ मध्ये कायदा रद्द झाला. १९३० च्या दशकात धुळीची वादळं उठल्यावर रूझवेल्ट सरकारने पुन्हा कंबर कसली. १९३५ ते १९४२ या काळात नॉर्थ डकोटापासून टेक्सासपर्यंत २२ कोटींहून अधिक झाडांचे, एकूण १८,६०० मैलांचे वारारोधक पट्टे उभे राहिले. तेव्हा एटीव्ही नव्हती. लावणी सरकारी मजुरांनी केली. कुंपण आणि तण काढणं शेतकऱ्याच्या अंगावर टाकलं होतं. पहिल्या कायद्याने एकराचं क्षेत्रफळ मोजलं, या योजनेने निदान राखणीचं काम कुणाचं हे आधी ठरवलं.

त्या पट्ट्यांत आणि आजच्या जुड्यांतही एक आवडतं झाड आहे, रेड सीडर. नावाने सीडर, जातीने जुनिपर. थंडी सोसतं, कोरड सोसतं, बारमाही हिरवं राहतं. दोन-तीन उन्हाळे पाणी दिलं की पुढे विचारावंही लागत नाही. न विचारताच ते इतकं पुढे गेलं आहे, की पक्ष्यांनी पसरवलेल्या त्याच्या बियांतून नेब्रास्काच्या दऱ्याखोऱ्यांतली चराऊ कुरणं झाकोळून चालली आहेत. पूर्वी वणवे या झाडाला कड्याकपारीत रोखून धरत. वणवे थांबले आणि ते गवतावर उतरलं. बुंध्याशी कापलं किंवा जाळलं तर ते मुळातून पुन्हा फुटत नाही, म्हणून आता शेजारी शेतकरी एकत्र येऊन वसंतात ठरवून कुरणं जाळतात. त्या दिवशी आगीच्या कडेने एटीव्ही फिरत असते. मागे तीच टाकी, तोच बारा व्होल्टचा पंप. फक्त तोटी पुन्हा फवाऱ्याची बसवलेली असते, कारण आता पाणी खोल जिरवायचं नसून गवतावर ओली रेघ मारायची असते, आग तिच्यापलीकडे जाऊ नये म्हणून. रोपांच्या जुड्या विकणाऱ्या तिथल्या जिल्हा-संस्थांपैकी काही आता वाढलेले सीडर काढायलाही अनुदान देतात.