अंगणातल्या दहा-वीस कोंबड्या: नांदेड-लातूरच्या शेतकरी कुटुंबासाठी

थोड्या पाण्यावर भागणारं जित्राब

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं. अशा दुष्काळात सगळ्यात आधी दावणीच्या जनावरांचे हाल होतात. दुभत्या म्हशीला दिवसाला साठ-सत्तर लिटर पाणी लागतं. वीस कोंबड्यांचं पाच लिटरमध्ये भागतं, भर उन्हाळ्यात फार तर दहा लिटर. त्यामुळे मराठवाड्यातल्या प्रत्येक कोरडवाहू घराच्या अंगणात थोड्या तरी कोंबड्या असाव्यात, असं मला ठामपणे वाटतं. शिवाय अंड्यांचा पैसा बहुतेक घरांत बाईच्या हातात राहतो, आणि ही गोष्ट लहान नाही.

कोणती कोंबडी पाळावी?

गावरान कोंबडी वर्षाला साठ-ऐंशी अंडी देते. पण ती खुडूक बसते, पिल्लं सांभाळते, घार दिसली की त्यांना पंखाखाली घेते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने तयार केलेल्या वनराजा आणि ग्रामप्रिया या जाती अंगणातही तग धरतात आणि गावरानापेक्षा जास्त अंडी देतात. मात्र पिल्लं उबवण्यासाठी त्यांच्यावर भिस्त ठेवता येत नाही. म्हणून दोन-तीन गावरान कोंबड्या हव्यातच. त्यांच्याखाली दहा-बारा ताजी अंडी ठेवली की एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर येतात. कडकनाथची अंडी कमी असतात. गिऱ्हाईक आधी पक्कं असेल तरच तिच्या वाटेला जावं.

खुराडं

रात्री एका पक्ष्याला साधारण एक चौरस फूट जागा पुरते. मुंगूस आणि बोका शिरणार नाही अशी बारीक जाळी लावा. जमिनीवर सोयाबीनचं भुसकट पसरा आणि ते कोरडं ठेवा. एप्रिल-मे मध्ये पारा बेचाळीसच्या पुढे गेला की कोंबड्या चोच उघडून धापा टाकतात. तेव्हा जाळीवर ओली पोती टाका, पाणी मातीच्या भांड्यात सावलीला ठेवा आणि दाणा पहाटे व संध्याकाळीच द्या. दुपारचा दाणा अंगातली उष्णता वाढवतो.

दाणा: कच्चं सोयाबीन नको

लातूर ही सोयाबीनची मोठी बाजारपेठ, त्यामुळे घरोघरी सोयाबीन असतं आणि मूठभर कोंबड्यांपुढे टाकलं जातं. पण कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन रोखणारा घटक असतो. त्याने पिल्लांची वाढ खुंटते. चांगलं भाजलेलं सोयाबीन किंवा सोयापेंड चालते, कारण उष्णतेने तो घटक नष्ट होतो. ज्वारी, मका, डाळमिलमधली तुरीची चुनी, घरातला पालेभाजीचा कचरा आणि कवच पक्कं होण्यासाठी शिंपल्यांचा चुरा एवढ्यावर अंगणातली कोंबडी नीट राहते. उरलेले किडे-मुंग्या ती स्वतः शोधते.

पावसात भिजून बुरशी आलेलं धान्य ‘कोंबड्यांना चालतंय’ म्हणून टाकू नका. बुरशीच्या विषाने यकृत खराब होतं आणि दिलेली लसही नीट लागू पडत नाही. पेरणीच्या दिवसांत औषध चोळलेलं रंगीत बियाणं अंगणात सांडलं असेल, तर ते वेचून होईपर्यंत कोंबड्या कोंडून ठेवा.

मानमोडी

अंगणातली कोंबडी मुंगसापेक्षा मानमोडीने जास्त मरते. मान पिळवटते, पाय-पंख लुळे पडतात, हिरवट हगवण लागते आणि चार दिवसांत खुराडं रिकामं होतं. यावर औषध नाही, लस आहे. पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात घालायचा आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी लसीचं इंजेक्शन पंखाखालच्या कातडीत द्यायचं.

लस स्वस्त आहे. मग अडतं कुठे? कुपी शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची येते, ती बर्फात आणावी लागते आणि एकदा विरघळवली की दोनेक तासांत संपवावी लागते. बारा कोंबड्यांसाठी कुणी एवढा खटाटोप करत नाही. यावर उपाय गल्लीनेच करायचा. बचत गटाच्या बायकांनी एक दिवस ठरवावा, पशुवैद्यकीय दवाखान्यातून किंवा पशुधन पर्यवेक्षकांकडून लस मागवावी आणि सकाळच्या गारव्यात दहा घरांच्या कोंबड्यांना एकदमच द्यावी. पाण्यातून लस द्यायची असेल तर ते पाणी ब्लीचिंग पावडर टाकलेलं नसावं, कारण क्लोरिनने लस मरते.

आठवडी बाजारातून आणलेली कोंबडी दोन आठवडे वेगळी ठेवा. रोग बहुतेक वेळा तिच्याबरोबरच येतो.

बर्ड फ्लूचा संशय आल्यास

जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंबा आणि अहमदपूर तालुक्यातल्या केंद्रेवाडीत बर्ड फ्लू आढळला. जानेवारी २०२५ मध्ये उदगीर शहरात कावळे मेले, त्यांच्यातही हाच विषाणू निघाला. एकाएकी अनेक पक्षी मेले तर मानमोडी की बर्ड फ्लू हे प्रयोगशाळाच सांगू शकते. मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हाताने शिवू नका, त्यांना नाल्यात टाकू नका, उरलेले घाईने विकू नका. त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

विक्रीचा हिशेब

गावरान कोंबड्याला आखाडात सगळ्यात चांगला भाव येतो आणि श्रावण लागताच मागणी बसते. गावरान पिल्लू विक्रीला यायला पाच-सहा महिने लागतात. म्हणून संक्रांतीच्या आसपास कोंबडी अंड्यांवर बसवा, आणि पिल्लं निघायच्या आधीच शेजारच्या घरांना लसीसाठी विचारून ठेवा.