पाऊण इंचात सूत किती?

अपूर्णांक लिहायला दोन आकडे लागतात, पण तो असतो एकच संख्या. ३/४ मधला छेद ४ सांगतो की अख्ख्या वस्तूचे किती सारखे भाग केले, आणि अंश ३ सांगतो की त्यांतले किती घेतले. शाळेत अपूर्णांकांच्या ज्या चुका पुन्हापुन्हा होतात, त्यांतल्या बऱ्याच या दोन आकड्यांकडे दोन वेगळ्या संख्या म्हणून पाहिल्याने होतात. १/२ आणि १/३ यांची बेरीज मग २/५ येते: वरचे वर मिळवले, खालचे खाली. अर्ध्यात आणखी काही घातले आणि उत्तर अर्ध्याहून कमी आले, हे वहीत लिहिताना ध्यानात येत नाही.

मराठी घरातले मूल मात्र शाळेत जाण्याआधीच अपूर्णांक बोलत असते. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडेतीन. या शब्दांच्या पोटात हिशेब आहे. सव्वा म्हणजे सपाद, पावासह. पाऊण म्हणजे पादोन, पाव उणे. अडीच आला ‘अर्धतृतीय’वरून: दोन पुरते झाले आणि तिसरा अर्धा. साडेतीनला जुना शब्द औट, म्हणजे चौथा अर्धा. पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि औटकी असे अपूर्णांकांचे पाढेच पाठ करून घेत. बाजारातला हिशेब त्यांवर तोंडी होई.

हेच शब्द आणखी एक धडा देतात, तो म्हणजे अपूर्णांक नेहमी कशाचा तरी असतो. पावणेदोन म्हणजे एक आणि पाऊण, पण पावणेदोनशे म्हणजे १७५, कारण तिथे पाव आहे तो शंभराचा. पावणेतीन हजारात तो हजाराचा, म्हणून २,७५०. सोबत कोणता शब्द आहे त्याप्रमाणे ‘एक’ बदलतो आणि पाव त्याच्यामागे जातो. ‘पाव म्हणजे किती?’ याचे खरे उत्तर ‘कशाचा पाव?’ हेच.

मात्र बोलीतले हे शब्द जवळजवळ सगळे दोन आणि चार या छेदांचे आहेत. तिसऱ्या किंवा पाचव्या हिश्शाला तितका सुटसुटीत शब्द रोजच्या बोलण्यात नाही. एकतृतीयांश, दोनपंचमांश हे पुस्तकी शब्द वापरावे लागतात. शाळेतला अपूर्णांक परका वाटतो तो इथून पुढे.

खेड तालुक्यातल्या महाळुंग्यात, चाकण-तळेगाव रस्त्यालगतच्या औद्योगिक पट्ट्यात, हा परका वाटणारा अपूर्णांक हातात घेऊन पाहता येतो. वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या इथल्या कारखान्यांत मिलिमीटरचे राज्य आहे, तरी इंच गेलेला नाही. नळ अर्धा इंची किंवा पाऊण इंची असतो. इंचाच्या आठव्या भागाला कारागीर सूत म्हणतात. बांधकामावरची चार सुती सळई म्हणजे ४/८, अर्ध्या इंचाची. एक सूत १/८ इंच आणि दोन सूत मिळून पाव इंच, म्हणून १/८ हा १/४ पेक्षा लहान. आठ हा चारापेक्षा मोठा, तेव्हा १/८ मोठा असणार, असे मुलांना वाटते. भाग जितके जास्त, तितका एकेक भाग बारीक, हे सूत हातात धरले की समजते.

इंची पान्यांचा संच तर अपूर्णांकांच्या पहिल्या तासाला वर्गात आणावा असा आहे. पान्यांवर क्रमाने आकडे असतात: ७/१६, १/२, ९/१६, ५/८, ११/१६, ३/४. नवख्याला यात काही क्रम दिसत नाही. पण सगळ्यांचा छेद सोळा करून पाहिला तर होतात ७/१६, ८/१६, ९/१६, १०/१६, ११/१६, १२/१६. प्रत्येक पाना आधीच्यापेक्षा इंचाच्या सोळाव्या भागाने मोठा. १/२ आणि ८/१६ हे सममूल्य अपूर्णांक: अंश आणि छेद यांना एकाच संख्येने गुणले की लिहिणे बदलते, माप तेच राहते. आणि तुलना करायची तर आधी समच्छेद करायचे, म्हणजे सगळ्यांना एकाच मापाने मोजायचे. पाठ्यपुस्तकातली ही पायरी अनेकदा नुसती कृती म्हणून शिकवली जाते, आणि तिचे कारण मुलापर्यंत पोचत नाही.

बेरजेचा दाखला शेतजमिनीच्या कागदांत सापडतो. जुन्या हक्कनोंदींत भावकीचा हिस्सा आणे-पैमध्ये लिहीत. अख्खी जमीन म्हणजे एक रुपया. रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै, म्हणजे एकूण १९२ पै. दोन भाऊ असले तर आठ-आठ आणे. तीन असले तर सोळाला तिनाने भाग जात नाही, पण १९२ ला जातो: प्रत्येकी ६४ पै, म्हणजे ५ आणे ४ पै. त्यांतल्या एकाचे दोन मुलगे असतील तर प्रत्येकाला ३२ पै, म्हणजे २ आणे ८ पै, मूळ जमिनीचा १/६. आता एका काकाचा हिस्सा आणि एका पुतण्याचा हिस्सा मिळून किती? ६४ आणि ३२ मिळून ९६ पै, नेमके आठ आणे. शाळेच्या भाषेत १/३ + १/६ = २/६ + १/६ = ३/६ = १/२. पै हा इथे समान छेद आहे. १९२ ऐवजी ६ घेऊनही तेच उत्तर येते. तीन आणि सहा यांचा लसावि सहा, म्हणून पुस्तकात सहा घेतात. पाच भाऊ निघाले तर मात्र पैही पुरत नाही, प्रत्येकी ३८ पै देऊन दोन पै उरतात. रुपयाचे शंभर पैसे १ एप्रिल १९५७ पासून झाले. शंभराला पाचाने भाग जातो, पण तीन भावांना प्रत्येकी ३३ पैसे देऊन एक पैसा उरतो. कोणतेही एकच माप सगळ्या वाटण्यांना पुरे पडत नाही. अपूर्णांकात छेद गरजेप्रमाणे निवडता येतो.

गुणाकारात ‘चा’ हा प्रत्यय महत्त्वाचा. अर्ध्याचा अर्धा पाव, पावाचा अर्धा आठवा भाग: १/२ × १/४ = १/८. अंशाला अंशाने आणि छेदाला छेदाने गुणायचे. गुणल्यावर संख्या वाढलीच पाहिजे ही पूर्णांकांची सवय इथे मोडावी लागते. भास्कराचार्यांच्या ११५० च्या सुमाराच्या ‘लीलावती’त याला प्रभागजाती म्हटले आहे, आणि त्यातले उदाहरण मोठे देखणे आहे. एक कंजूष याचकाला द्रम्म या नाण्याच्या अर्ध्याच्या दोनतृतीयांशाच्या पाऊण भागाच्या पाचव्या हिश्शाच्या सोळाव्या भागाचा पाव देतो. गुणत गेले की उत्तर येते १/१२८०. त्या काळी द्रम्माचे १६ पण, पणाच्या ४ काकिणी, काकिणीच्या २० कवड्या. म्हणजे द्रम्माच्या १,२८० कवड्या. याचकाच्या हातावर पडली एक कवडी.

भागाकार सर्वांत अवघड मानला जातो, कारण ‘दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणा’ हा नियम आधी येतो आणि प्रश्न मागून. प्रश्न आधी घ्यावा: पाऊण इंचात सूत किती? एका इंचात आठ, म्हणून पाऊण इंचात आठाचे पाऊण, सहा. ३/४ ÷ १/८ = ३/४ × ८ = ६. एकाला आठाने गुणायचे म्हणून पाऊणलाही आठानेच गुणले; उलटे करणे म्हणतात ते एवढेच. हा नियमही ‘लीलावती’त आहे.

वजाबाकी बेरजेसारखीच, समच्छेद करून. तिचा एक उपयोग महाळुंग्याच्या यंत्रशाळांत रोज होतो. नेहमीच्या एका प्रकारच्या व्हर्नियर कॅलिपरमध्ये मुख्य पट्टीवर एकेक मिलिमीटरच्या खुणा असतात. सरकत्या पट्टीवर ४९ मिलिमीटरांचे ५० सारखे भाग केलेले असतात, म्हणजे एक भाग ४९/५० मिलिमीटर. दोन पट्ट्यांच्या एकेका भागातला फरक १ − ४९/५०, म्हणजे ५०/५० − ४९/५० = १/५० मिलिमीटर. छेद शंभर केला की २/१००, दशांशात ०.०२. कॅलिपरवर ‘०.०२ मिमी’ असे कोरलेले असते, ते हेच.