गळाच्या काठीला कोणता दोरा?

दोस्तांनो, तुमच्या बॅटच्या दांड्यावरचं रबरी आवरण कधी सरकवून पाहिलंय? (मोठ्यांना विचारून बरं का, ते पुन्हा चढवताना नाकी नऊ येतात!) आत वेढ्याला वेढा भिडवून दोरा गुंडाळलेला दिसेल. दांड्याच्या वेताच्या पट्ट्या गोंदाने चिकटवलेल्या असतातच, पण चेंडू आदळून दांडा हादरतो तेव्हा हा दोरा त्यांना आवळून धरतो.

हीच युक्ती मासे पकडायच्या काठीत वापरतात. नदीकाठी बसलेल्या माणसाची साधी बांबूची काठी तुम्ही पाहिली असेल. टोकाला तंगूस, तंगुसाला गळ, झालं! पण रीळ लावलेल्या काठीत तंगूस टोकापासून मुठीजवळच्या रिळापर्यंत काठीच्या अंगाने यावा लागतो. म्हणून काठीवर थोड्या थोड्या अंतराने छोट्या कड्या बसवलेल्या असतात. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये अनेक हौशी लोक तयार काठी विकत न घेता कोरी काठी, कड्या, मूठ असं सुटं सामान आणतात आणि घरीच आपली काठी बांधतात.

आता तुम्ही म्हणाल, कड्या स्क्रूने का नाही बसवत? अहो, काठी आतून पोकळ. भोक पाडलं की मासा ओढायला लागल्यावर ती नेमकी तिथेच मोडणार. मग नुसता गोंद? तोही नाही. काठी धनुष्यासारखी वाकते, पण कडीचा धातूचा पाय ताठच राहतो, म्हणजे तो उखडणार. दोरा मात्र काठीबरोबर वाकतो. म्हणून कडीचे चपटे पाय काठीवर टेकवून वर दोऱ्याचे वेढे द्यायचे आणि त्यावर इपॉक्सीचा पारदर्शक थर द्यायचा.

आता खरा प्रश्न : दोरा कोणता?

‘जाड दोरा घ्या, मजबूत असतो!’ असंच कोणीही सांगेल. पण थांबा. या दोऱ्यांच्या जाडीला अक्षरांची नावं आहेत. ‘ए’ बारीक, साधारण ०.१५ मिलिमीटर. ‘डी’ जाड, साधारण ०.२५ मिलिमीटर. जाड दोऱ्याच्या वेढ्यांमधल्या खाचाही खोल असतात आणि त्या भरायला इपॉक्सी जास्त लागतं. म्हणजे वजन वाढलं! काठीच्या शेंड्याला तर ग्रॅमभर वजनही जड होतं, शेंडा मंद होतो आणि माशाची हलकी टोच हातापर्यंत नीट पोहोचत नाही. म्हणून हलक्या काठीला ‘ए’, आणि समुद्रातल्या दांडग्या माशांशी झुंजणाऱ्या काठीला ‘डी’. दोन सेंटिमीटर लांबीच्या पट्ट्याला प्रत्येक दोऱ्याचे किती वेढे लागतील, काढा बरं गणित! (‘ए’चे सुमारे १३३ आणि ‘डी’चे ८०. जुळलं?)

घरातला शिवणाचा दोरा चालेल का? नको. त्याला बारीक लव असते, ती इपॉक्सीतून काट्यांसारखी वर येते. शिवाय सुई-यंत्रातून सरसर जावा म्हणून अशा काही दोऱ्यांना गुळगुळीत लेप दिलेला असतो. त्यावर इपॉक्सी नीट पसरतच नाही.

पूर्वी यासाठी रेशमी दोरा वापरत. एकोणिसाव्या शतकात उत्तम काठ्या बांबूच्या सहा त्रिकोणी पट्ट्या एकमेकींना चिकटवून बनू लागल्या, आणि गंमत म्हणजे सुरुवातीला त्यासाठी बांबू जायचा आपल्या देशातून! ‘कलकत्ता केन’ या नावानेच तो ओळखला जाई. पुढे चीनच्या टोंकिन बांबूने त्याला मागे टाकलं. १९३८ साली नायलॉन जगापुढे आलं आणि रेशमाच्या जागी हळूहळू नायलॉनचा दोरा आला. बांबूच्या काठीला मात्र शौकीन लोक आजही रेशीमच लावतात.

दोरा निवडताना नवखा माणूस हमखास फसतो तो रंगात. दुकानात छान आकाशी दिसणारा दोरा इपॉक्सी लागताच गडद आणि अर्धपारदर्शक होतो, त्याखालून कडीचा पाय डोकावू लागतो. पांढरं रेशीम तर व्हार्निशखाली जवळजवळ दिसेनासंच होतं. असं का? भज्यांखालचा कागद आठवा. तेल लागलं की त्यातून पलीकडचं दिसायला लागतं ना? तंतूंच्या मधल्या फटींत हवा असते तोवर प्रकाश इकडेतिकडे विखुरतो. त्या फटी तेलाने भरल्या की विखुरणं कमी होतं आणि प्रकाश आरपार जातो. दोऱ्याचंही तेच.

यावर उपाय आहेत. रंग न बदलणारा खास दोरा मिळतो. नाहीतर साध्या दोऱ्यावर आधी रंगरक्षक द्रवाचा हात द्यायचा. पण तो द्रव फटी आधीच भरून टाकतो, मग इपॉक्सी आत मुरत नाही आणि पकड थोडी कमी होते. मला विचाराल तर मोठ्या माशाच्या काठीला रंग गडद झाला तरी चालेल, पकड हवी. चकाकणारा जरीसारखा दोरा? तो फक्त कडेला दोन-चार वेढ्यांपुरता, शोभेसाठी. कडी त्याच्या भरवशावर सोडू नये.

दोरा ताणून धरायचा, पण करकचून नाही. कडी बोटाने किंचित सरकवता आली पाहिजे, कारण सगळ्या कड्या एका ओळीत आल्यात का हे नंतर डोळा लावून तपासायचं असतं. शेवटचं टोक कापताना मात्र फार जपावं लागतं. ब्लेडचा एक ओरखडा कोऱ्या काठीला लागला तर तो इपॉक्सीखाली लपून जातो, आणि कित्येक दिवसांनी, मासा गळाला लागलेला असताना, काठी तिथेच कट्टकन मोडते.

तुम्हाला करून पाहायचंय? एक जुनी पेन्सिल आणि आईकडून रंगीत दोरा घ्या. सुरुवातीचं टोक पहिल्या पाच-सहा वेढ्यांखाली दाबा आणि वेढे अगदी शेजारी शेजारी देत जा. शेवटचे आठ वेढे देण्याआधी दुसऱ्या दोऱ्याचा एक फासा पेन्सिलीवर आडवा ठेवा आणि त्याच्यावरून वेढे द्या. मग टोक फाशात ओवून फासा ओढा. टोक वेढ्यांखाली गडप, गाठ कुठेच नाही! आता अर्ध्या भागावर खोबरेल तेलाचं बोट फिरवा आणि दोन्ही रंग शेजारी शेजारी ठेवून पाहा.