ज्वारीचे पंधरा मण आणि समवर्ती सूची

लेखांक ५

संघसूची आणि राज्यसूची आपण मागच्या दोन लेखांत पाहिल्या. तिथे निदान हद्द कागदावर आखलेली आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतली तिसरी, समवर्ती सूची मुळात ४७ नोंदींची. फौजदारी कायदा, विवाह, करार, कामगार कल्याण, वीज असे रोज अंगावर येणारे विषय तिच्यात आहेत आणि त्यांवर संसद व विधिमंडळ दोघांनाही कायदे करता येतात. सामायिक विहिरीच्या पाळ्या तरी ठरलेल्या असतात; इथे त्याही नाहीत. मग दोघांचे कायदे एकमेकांच्या आड आले तर?

उत्तर अनुच्छेद २५४ मध्ये आहे. पण ते नुसते वाचून डोक्यात शिरत नाही, म्हणून जुन्या मुंबई राज्यातला एक खटला सांगतो. एप्रिल १९५१. धान्यावर नियंत्रणे होती. सुरतेकडच्या खांजरोली गावातून एकाने पंधरा मण ज्वारी परवाना न काढता मांडवीला नेली. पकडला गेला, मॅजिस्ट्रेटने दोषी ठरवले.

जीवनावश्यक वस्तूंचा केंद्रीय कायदा १९४६ चा, त्यात शिक्षा तीन वर्षांपर्यंत. मुंबई सरकारला ती पुरेशी वाटली नाही. १९४७ मध्ये प्रांतिक कायदा करून ती सात वर्षांपर्यंत वाढवली आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे गव्हर्नर जनरलची अनुमतीही घेतली. पुढे १९५० मध्ये संसदेने मूळ कायदा दुरुस्त करून शिक्षा नव्याने ठरवल्या. आता आरोपीचे म्हणणे असे की, आपल्याला मुंबईचाच कायदा लागू होतो. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेला गुन्हा सेशन्स कोर्टात चालायला हवा, मॅजिस्ट्रेटला अधिकारच नव्हता. सुटण्यासाठी माणूस जास्त शिक्षेचा कायदा मागत होता! वकिलाच्या डोक्याला दाद द्यायला हवी.

सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये अपील फेटाळले. संसदेने त्याच बाबीवर पुन्हा कायदा केला, तेव्हा मुंबईची ती तरतूद आपोआप निष्प्रभ झाली, असा निकाल. ती तरतूद रद्द करणारा एक शब्दही संसदेने कुठे लिहिलेला नव्हता, हे इथे ध्यानात घ्यावे.

अनुच्छेद २५४ चा पहिला भाग सर्वसाधारण नियम सांगतो: विसंगती असेल तेवढ्यापुरता राज्याचा कायदा शून्य, मग तो आधीचा असो वा नंतरचा. दुसऱ्या भागात राज्यांसाठी एक दार ठेवले आहे. विधेयक राष्ट्रपतींकडे पाठवून अनुमती मिळवली, तर त्या राज्यापुरता राज्याचा कायदा वरचढ ठरतो. महाराष्ट्राचा १९९९ चा मकोका हा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा अशीच अनुमती घेऊन आला. पण राष्ट्रपती अनुमती देतात ती केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेतून सूट मागणारी विधेयके तमिळनाडूने मंजूर केली, अनुमती मिळाली नाही, म्हणून सूटही मिळाली नाही. आणि मिळाली तरी कायमची नव्हे. याच दुसऱ्या भागाच्या परंतुकानुसार संसद उद्या नवा कायदा करून ती सूट पुसून टाकू शकते; ज्वारीच्या खटल्यात हेच घडले.

शिक्षण हा विषय या सूचीत आला तो आणीबाणीत. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने शिक्षण, वने, वन्य प्राणी, वजनेमापे हे विषय राज्यसूचीतून उचलून इकडे टाकले. सूचीतली भर त्याआधीच सुरू झाली होती. ज्वारीचा निकाल लागल्यावर लगेच, १९५५ साली अमलात आलेल्या तिसऱ्या दुरुस्तीने अन्नपदार्थ, वैरण, कच्चा कापूस यांचा व्यापार ३३ व्या नोंदीत घातला. शेती आणि बाजार हे विषय राज्यांचे असतानाही २०२० चे कृषी कायदे करताना केंद्राने याच नोंदीचा आधार घेतला. तो आधार कितपत पक्का, याचा अंतिम निकाल न्यायालयाकडून लागलाच नाही. २०२१ मध्ये कायदेच मागे घेतले गेले.

माझ्या मते ही सूची दोघांची असली तरी तिची किल्ली दिल्लीत आहे. समवर्ती विषयावर कायदा करण्यापूर्वी केंद्राने राज्यांशी सल्लामसलत करावी, असे केंद्र-राज्य संबंध तपासणाऱ्या सरकारिया आयोगाने सुचवले होते. घटनेत तशी सक्ती अजून नाही. ती असायला हवी.

पुढच्या आठवड्यात अनुच्छेद २४६-क, म्हणजे जीएसटी. तिथे केंद्र आणि राज्ये दोघांनाही कर लावायचा अधिकार आहे, पण अनुच्छेद २५४ लागू होत नाही.