बॅटरी, मोटारगाडीतील

मोटारगाडीचे एंजिन सुरू करण्यासाठी लागणारी ऊर्जा रासायनिक रूपात साठवून ठेवणाऱ्या व एंजिन बंद असताना दिवे, भोंगा इ. साधनांना विद्युत् पुरवठा करणाऱ्या संचायक घटमालेस मोटारगाडीची बॅटरी म्हणतात. बहुतेक गाड्यांत ती शिसे-अम्ल प्रकारची व १२ व्होल्ट दाबाची असते. गाडी सुरू झाली नाही म्हणजे बॅटरी निकामी झाली असे सामान्यतः गृहीत धरले जाते. परंतु नुसती विसर्जित (रिकामी) झालेली बॅटरी, झिजलेली बॅटरी आणि भारण यंत्रणेतील बिघाड या तीन भिन्न गोष्टी असून त्यांची लक्षणे पुष्कळदा सारखी दिसतात. त्यांतील भेद परीक्षणावाचून कळत नाही. तो न जाणल्यास चांगली बॅटरी टाकून दिली जाते किंवा नवी बॅटरीही थोड्याच दिवसांत बंद पडते.

इतिहास : पुन्हा भारित करता येणारा शिसे-अम्ल घट फ्रेंच भौतिकीविज्ञ गास्ताँ प्लांते यांनी १८५९ मध्ये तयार केला. १८८१ मध्ये कामीय फॉर यांनी शिशाच्या पट्टिकांवर शिशाच्या संयुगांचा लगदा बसविण्याची रीत काढल्यावर त्याचे औद्योगिक उत्पादन सुलभ झाले. आरंभीच्या मोटारगाड्यांची एंजिने हाताने दांडा फिरवून सुरू करीत. अमेरिकन अभियंते चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विद्युत् प्रारंभक १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत बसविण्यात आला आणि तेव्हापासून बॅटरी हा मोटारगाडीचा अपरिहार्य भाग बनला.

रचना व कार्य : बॅटरीत एकसरीत जोडलेले सहा घट असतात. पूर्ण भारित घटाचा दाब सुमारे २·१ व्होल्ट असल्याने बॅटरीचा एकूण दाब १२·६ ते १२·७ व्होल्ट भरतो. घटातील धन पट्टिकेवर लेड डाय-ऑक्साइड व ऋण पट्टिकेवर सच्छिद्र शिसे असते. दोन्ही पट्टिका विरल सल्फ्यूरिक अम्लात बुडालेल्या असतात. विसर्जनाच्या वेळी दोन्ही पट्टिकांवर लेड सल्फेट तयार होते, अम्ल खर्ची पडते व पाणी बनते; भारणाच्या वेळी याच्या उलट क्रिया घडते. त्यामुळे अम्लाचे विशिष्ट गुरुत्व हे बॅटरी किती भारित आहे याचे चांगले गमक ठरते. एंजिन सुरू करताना प्रारंभक चलित्र काही क्षण शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह ओढते. एंजिन सुरू झाल्यावर त्यावर चालणारा आल्टरनेटर गाडीतील साधनांना वीज पुरवितो व बॅटरी पुन्हा भारित करतो.

झीज होण्याची कारणे : बॅटरी दीर्घकाळ विसर्जित अवस्थेत राहिल्यास पट्टिकांवरील लेड सल्फेटाचे सूक्ष्म कण मोठ्या व कठीण स्फटिकांत रूपांतरित होतात, ते भारणाने सहजी विरघळत नाहीत. यास सल्फेटीभवन म्हणतात. याखेरीज धन पट्टिकेची जाळी हळूहळू गंजते, क्रियाशील द्रव्य गळून तळाशी साचते व अतिभारणामुळे पाणी कमी होते. उष्णतेने या क्रिया वेगाने होतात. तापमान सु. १०° से. ने वाढल्यास रासायनिक क्रियेचा वेग साधारणपणे दुप्पट होतो, या स्थूल नियमानुसार ४५° से. च्या पुढे पारा जाणाऱ्या विदर्भातील उन्हाळ्यात बॅटरीचे आयुष्य घटणे स्वाभाविक आहे. थंडीत मात्र बॅटरीची प्रवाह देण्याची क्षमता तात्पुरती कमी होते आणि एंजिनातील तेल घट्ट झाल्याने प्रारंभकास अधिक प्रवाह लागतो. म्हणून उन्हाळ्यात झालेली हानी पुष्कळदा हिवाळ्यातील एखाद्या पहाटे उघडकीस येते.

फार जवळच्या फेऱ्यांत एंजिन सुरू करताना खर्ची पडलेली वीज भरून निघत नाही. गाडी उभी असतानाही घड्याळ, चोरघंटा व इलेक्ट्रॉनीय नियंत्रक अल्प प्रवाह घेत असतात. हा प्रवाह ५० मिलिअँपिअर धरल्यास दिवसाला १·२ अँपिअर-तास वीज खर्च होते. ४५ अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीची निम्म्याहून अधिक वीज अशा रीतीने तीन आठवड्यांत संपते. येथे बॅटरीचा दोष नसतो. परंतु ती तशीच पडून राहिल्यास तिच्यात दोष उत्पन्न होतो.

परीक्षणाची गरज दर्शविणारी लक्षणे : प्रारंभक मंद गतीने फिरणे, कळ फिरविल्यावर नुसता टकटक आवाज येणे, एंजिन सुरू करताना दिवे एकदम मंदावणे, बॅटरीचा इशारादीप एंजिन चालू असताना पेटलेला राहणे, दुसऱ्या बॅटरीच्या आधाराने गाडी वारंवार सुरू करावी लागणे आणि पाणी नेहमीपेक्षा लवकर कमी होणे, ही प्रमुख लक्षणे होत. बॅटरीचे कवच फुगलेले, तडकलेले वा गळके असल्यास किंवा सडक्या अंड्यासारखा वास येत असल्यास भारण व वापर तत्काळ थांबवावा. कोणतेही लक्षण नसले, तरी तीन वर्षांनंतर दरवर्षी परीक्षण करून घेणे हिताचे असते. बॅटरीचे आयुष्य सामान्यतः तीन ते पाच वर्षे असते. मात्र केवळ वय हे ती बदलण्याचे पुरेसे कारण नव्हे.

परीक्षणाचा क्रम : प्रथम अग्रे व तारा पाहाव्यात. सैल जोडणी किंवा अग्रावर साचलेली पांढरी-हिरवट भुकटी यांमुळे रोध वाढून चांगली बॅटरीही निकामी भासते. जोडणी सोडवून अग्रे खाण्याच्या सोड्याच्या द्रावणाने स्वच्छ करावीत. द्रावण घटात जाऊ देऊ नये.

त्यानंतर गाडी काही तास बंद ठेवून व्होल्टमापकाने दाब मोजावा. १२·६ व्होल्ट वा अधिक दाब पूर्ण भारण, सु. १२·२ व्होल्ट निम्मे भारण व ११·९ व्होल्टपेक्षा कमी दाब जवळजवळ पूर्ण विसर्जन दर्शवितो. भारणानंतरही दाब १०·५ व्होल्टच्या आसपास राहिल्यास एक घट निकामी झाल्याची शक्यता असते. झाकणे उघडता येणाऱ्या बॅटरीत प्रत्येक घटाचे विशिष्ट गुरुत्व मोजता येते. पूर्ण भारित अवस्थेत ते सामान्यतः १·२४ ते १·२८ असते; उष्ण प्रदेशासाठी बनविलेल्या बॅटरीत ते खालच्या मर्यादेजवळ ठेवतात. घटाघटांत ०·०५ पेक्षा अधिक फरक आढळल्यास कमी गुरुत्वाचा घट सदोष समजावा.

विश्रांत अवस्थेतील दाबावरून बॅटरी किती भरलेली आहे हे कळते. ती किती झिजलेली आहे हे कळत नाही. पट्टिकांचे क्रियाशील क्षेत्र घटलेली बॅटरीही १२·६ व्होल्ट दाखवू शकते. अरुंद झालेले भांडे काठोकाठ भरलेले असले, तरी त्यात पाणी थोडेच असते, तसाच हा प्रकार होय. म्हणून निर्णायक ठरते ते भारित बॅटरीचे भारपरीक्षण. यात बॅटरीवर नोंदलेल्या शीत प्रारंभन प्रवाहाच्या निम्मा प्रवाह १५ सेकंद घेतात. सु. २१° से. वा अधिक तापमानास दाब ९·६ व्होल्टच्या खाली गेल्यास बॅटरी झिजलेली समजतात. हे परीक्षण योग्य उपकरणानेच करावे. विद्युत् संवाहकता मोजून अंदाज देणारी हातातील उपकरणेही आता सर्वत्र वापरतात.

शेवटी एंजिन चालू ठेवून अग्रांमधील दाब मोजतात. तो सामान्यतः १३·८ ते १४·५ व्होल्ट असावा. दाब वाढतच नसल्यास आल्टरनेटर, त्याचा पट्टा वा जोडण्या तपासाव्यात. १५ व्होल्टच्या वर गेल्यास अतिभारण होत असते. काही आधुनिक गाड्यांत हा दाब संगणकाद्वारे गरजेप्रमाणे कमीजास्त केला जातो. तेथे उत्पादकाची माहितीपुस्तिका प्रमाण मानावी.

निर्णय : दाब कमी आढळलेली बॅटरी प्रथम तिच्या क्षमतेच्या सु. एक-दशांश प्रवाहाने पूर्ण भारित करावी व मगच भारपरीक्षण करावे. ती उत्तीर्ण झाल्यास विसर्जनाचे कारण शोधावे. ती अनुत्तीर्ण झाली, भारण धरीत नसली किंवा कवच बिघडलेले असले, तर बदलावी. नवीन बॅटरीचे आकारमान, अग्रांची मांडणी, अँपिअर-तास क्षमता व प्रकार मूळ बॅटरीप्रमाणे असावा. सिग्नलला एंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांत खास प्रकारची बॅटरी लागते. तेथे साधी बॅटरी लवकर झिजते. दुकानात पडून राहिलेली बॅटरीही विसर्जित होत असल्याने तिची निर्मितितिथी पाहून घ्यावी.

सुरक्षितता व विल्हेवाट : भारणाच्या वेळी हायड्रोजन वायू बाहेर पडतो. हवेत त्याचे प्रमाण सु. ४ टक्के झाल्यास ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून जवळ काडी ओढू नये किंवा धूम्रपान करू नये. बॅटरी काढताना ऋण अग्राची जोडणी आधी सोडवावी व बसविताना ती शेवटी जोडावी, म्हणजे हत्यार गाडीच्या सांगाड्यास टेकून मंडल संक्षेप होण्याचा धोका राहत नाही. डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा. अम्ल अंगावर उडाल्यास तो भाग भरपूर पाण्याने धुवावा. ते डोळ्यांत गेल्यास धुण्यानंतर ताबडतोब वैद्यकीय मदत घ्यावी.

शिसे विषारी असून लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस ते विशेष घातक असते. उघड्यावर बॅटऱ्या फोडून शिसे वितळविल्यास माती, पाणी व हवा दूषित होतात. भारतात यासंबंधीचे २००१ चे नियम रद्द होऊन २०२२ चे बॅटरी अपशिष्ट व्यवस्थापन नियम लागू झाले आहेत. त्यांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची व त्यांच्या पुनश्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे. ग्राहकानेही जुनी बॅटरी इतर कचऱ्यात न टाकता विक्रेत्याकडे वा अधिकृत संकलन केंद्राकडे द्यावयाची असते. चांगली बॅटरी विनाकारण न बदलणे हे या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे.