घरातली वीज : कुरकुर कोणती, धोका कोणता?

ओहमचा नियम तोंडपाठ असलेला विद्यार्थी घरी फ्रीजला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर ‘पावसाळा आहे, चालायचेच’ म्हणून मोकळा होतो. तोच विद्यार्थी ट्यूबलाइट लुकलुकू लागली की मात्र ताबडतोब वायरमनला बोलावतो. माझ्या मते हे नेमके उलटे व्हायला हवे.

एकच ट्यूब लुकलुकते तेव्हा बहुधा स्टार्टर किंवा नळी संपत आलेली असते. पंखा मंद फिरतो, कारण त्याचा कंडेन्सर उतरलेला असतो. जुना चोक गुणगुणतो. ही कामे सवडीने करावीत. परंतु घरातले सगळेच दिवे एकदम मंद-प्रखर होऊ लागले, तर प्रकरण वेगळे. कुठेतरी न्यूट्रलची जोडणी सैल झालेली असू शकते. ज्या चाळीत तीन फेज निरनिराळ्या खोल्यांना वाटून दिलेले असतात, तिथे न्यूट्रल तुटला तर एखाद्या खोलीत २३० व्होल्टऐवजी ४०० च्या आसपास दाब जाऊ शकतो. एकीकडचा दिवा मिणमिणता, दुसरीकडचा डोळे दिपवणारा, असे दिसताच मेन स्विच बंद करावा.

दुसरी खूण म्हणजे प्लग गरम लागणे, सॉकेटवर तपकिरी डाग पडणे, जळका वास येणे. ‘फ्यूज उडाला नाही, म्हणजे ठीक आहे’ असे पुष्कळजण म्हणतात. गणित करून पाहा. २००० वॉटचा गीझर साधारण ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. सॉकेटमधल्या सैल पकडीचा रोध अवघा अर्धा ओहम धरला, तरी तिथे सुमारे ३८ वॉट उष्णता निर्माण होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचे डाग देण्याचे हत्यार २५ वॉटचे असते! तसले हत्यार सॉकेटमध्ये कोंडून ठेवावे तसे हे होते, आणि प्रवाह नेहमीचाच असल्याने फ्यूजला त्याची खबरही नसते.

आता झिणझिण्या. मुळात फ्यूज असतो तो तारेच्या रक्षणासाठी, माणसाच्या नव्हे. ५ अँपिअरचा फ्यूज आणि माणूस यांची तुलना करा : दहा-वीस मिलिअँपिअरला हाताची मूठ सुटत नाही, आणि शंभरच्या आसपास हृदयाची लय बिघडून मृत्यू येऊ शकतो. ओल्या शरीराचा रोध हजार ओहम धरला, तर २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर होतात. फ्यूज त्या वेळी शांत असतो. म्हणून तीन पिनांच्या प्लगची ती जाड, लांब पिन कापून काढू नये; गळणारी वीज जमिनीत जाण्याचा तोच रस्ता. शिवाय ३० मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारा आरसीसीबी बसवून घ्यावा, आणि त्यावरचे चाचणीचे बटण अधूनमधून दाबून तो खरोखर पडतो की नाही ते पाहावे.

तरीही एक धोका असा आहे की जिथे हे साधनही कामाला येत नाही. आमच्या सिल्वासाला वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. कारखान्यांत काम करणाऱ्यांची वस्ती वाढली तशी पत्र्याच्या छपराची खोली हा इथला नेहमीचा निवारा झाला. खांबावरून घरात येणारी वायर पुष्कळदा पत्र्याच्या धारेला टेकलेली असते. वाऱ्याने ती घासते, वेष्टण झिजते, पहिल्या पावसात पत्र्यात वीज उतरते. त्याच पत्र्याच्या आधाराला कपडे वाळत घालण्याची लोखंडी तार बांधलेली असते. ओले कपडे, ओले हात, पायाखाली चिखल! एकजण चिकटला की सोडवायला धावणारा दुसराही सापडतो.

इथे दोष मेन स्विचच्या अलीकडे, खांबाच्या बाजूला असतो. त्यामुळे घरातला स्विच बंद करून पत्र्यातली वीज जात नाही, आरसीसीबीही पडत नाही. वीज कार्यालयाला कळवून पुरवठाच तोडायला लावणे हा खरा उपाय. तोवर कोणी चिकटलेला असेल, तर कोरड्या फळीवर उभे राहून कोरड्या बांबूने त्याला ढकलावे; हाताने ओढू नये.

भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी मे महिन्यातच जमिनीवर उभे राहून ती वायर कुठे टेकते ते पाहून ठेवावे आणि घरमालकाला सांगावे. लोखंडी तार सोडून नायलॉनची दोरी मात्र आजच बांधता येईल, आणि तीही पत्र्याला नको, दोन लाकडी खांबांना.