कार्ब्युरेटरयुक्त एंजिनाचे दोषनिदान

पेट्रोल एंजिनाची चाल सर्व सिलिंडरांत सारखे ज्वलन न झाल्यास अनियमित होते. असे एंजिन थरथरते, चढावर अडखळते व निर्भार गतीस बंद पडते. महिंद्र अँड महिंद्र कंपनीच्या एफसी–१५० या जुन्या पिकअप वाहनात विलिस पद्धतीचे सु. २·२ लिटरचे चार सिलिंडरी ‘हरिकेन’ एंजिन असे. त्याचा प्रज्वलनक्रम १–३–४–२ असा आहे. अशा वाहनांत दोष पुष्कळदा अन्यत्र असतो. परंतु स्क्रू हाताशी असल्याने प्रथम कार्ब्युरेटरच फिरविला जातो व मूळ दोष झाकला जातो. म्हणून तपासणी ठराविक क्रमाने करणे इष्ट असते.

प्रथम दोषी सिलिंडर शोधतात. एंजिन चालू असताना निरोधक मुठीच्या हत्याराने एकेका ठिणगी गुडदीचा प्रवाह जमिनीकडे वळवितात. चांगल्या सिलिंडरच्या बाबतीत गती लगेच घटते. दोषी सिलिंडरच्या बाबतीत फरक पडत नाही. नंतर संपीडन दाब मोजतात. कमी दाबाच्या सिलिंडरात थोडे तेल घातल्यावर दाब वाढला, तर दट्ट्याची कडी झिजलेली असते. न वाढल्यास बहुधा झडप नीट बसत नसते.

यानंतर प्रज्वलन तपासतात. हरिकेन एंजिनात ठिणगी गुडदीतील फट सु. ०·७५ मिमी. व खंडकातील फट सु. ०·५ मिमी. ठेवतात. गुडदीचे टोक फिकट तपकिरी असणे योग्य. कोरडी काजळी समृद्ध मिश्रणाची, तेलकटपणा झिजेचा आणि पांढुरकेपणा विरल मिश्रणाचा वा अतितापाचा निदर्शक असतो.

इंधनाची पाळी शेवटी येते. कार्ब्युरेटरच्या बुडाशी वा अंतर्ग्रहण नळीच्या जोडावर साबणाचे पाणी लावताच चाल बदलली, तर तेथून बाहेरची हवा शिरत असते. प्लवक कोठीतील गाळ व प्रोथातील कचरा काढून टाकतात. नांदेड जिल्ह्यातील नायगावसारख्या भागात धुळीने हवागाळणी तुंबते व मिश्रण समृद्ध होते. उन्हाळ्यात तापमान ४०° से.वर गेल्यावर नळीतच पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा खंडित होतो. अशा वेळी एंजिन थांबवून पंपावर ओले फडके ठेवतात. हे सर्व झाल्यावरच, एंजिन गरम असताना, निर्भार मिश्रणाचा स्क्रू हळूहळू फिरवून चाल सर्वांत स्थिर होईल तेथे ठेवतात.

जुन्या वाहनांपुढे आता आणखी एक अडचण आहे. २०२५ पासून भारतात मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये सर्वसाधारणपणे २०% एथॅनॉल असते. पूर्ण ज्वलनास शुद्ध पेट्रोलच्या वजनाच्या सु. १४·७ पट हवा लागते, एथॅनॉलला मात्र सु. ९ पट पुरते. त्यामुळे जुन्या मापाच्या प्रोथातून येणारे मिश्रण विरल ठरते. एथॅनॉल पाणी शोषते व जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा खराब करते. म्हणून हे भाग एथॅनॉल सहन करणाऱ्या द्रव्याचे बसविणे व आवश्यक तेथे किंचित मोठा प्रोथ वापरणे हितावह असते. केवळ स्क्रू सैल केल्याने निर्भार गती सुधारते. भाराखालील मिश्रण मुख्य प्रोथावर अवलंबून असल्याने विरलच राहते व झडपा जळण्याचा धोका टळत नाही.